फ्रेंचच्या अर्ध्या तासात काय शिकवायचे?

इंग्लंडच्या सरकारी अभ्यासक्रमानुसार सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक परकी भाषा शिकवणे सप्टेंबर २०१४पासून सक्तीचे आहे. भाषा कोणती हे शाळेने ठरवायचे. लॅटिनसारखी प्राचीन भाषाही चालते. प्रत्यक्षात बहुतेक शाळा फ्रेंच घेतात, त्याखालोखाल स्पॅनिश, आणि जर्मनचा वाटा फार लहान आहे. आठवड्याला या विषयाच्या पदरात जेमतेम अर्धा-पाऊण तास पडतो. शिकवायला बहुधा वर्गशिक्षिकाच असते, गणितापासून चित्रकलेपर्यंत सगळे एकटीने सांभाळणारी, आणि तिचे स्वतःचे फ्रेंच कधीकाळी शाळेत शिकले तेवढेच. एवढ्या वेळात मूल फ्रेंच बोलू लागणार नाही, हे मुख्याध्यापक जाणतात, पालकही जाणतात. मग हा तास ठेवायचा कशासाठी? काही ख्रिस्ती शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी याचे जे उत्तर मांडले आहे, ते ख्रिस्ती नसलेल्यांनीही नीट तपासून पाहावे असे आहे. भाषेचा तास हा परक्या माणसाशी कसे वागावे हे शिकण्याचा तास आहे, आणि शब्द, उच्चार, व्याकरण यांना त्या वागण्यामुळे अर्थ येतो, असे ते म्हणतात. मला हे उत्तर बरोबर वाटते. आणि त्याच्या बळावर दुबळ्या पडलेल्या या विषयाला पुन्हा उभे करता येईल असेही वाटते.

आधी उपयुक्ततेचा मुद्दा निकालात काढू. लहानपणी सुरुवात केली की भाषा पक्की होते, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा तिचाच मोठा आधार होता. इंग्लंडने ही समजूत प्रयोग करून तपासली. १९६०च्या दशकात आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवण्याची मोठी सरकारी योजना तिथे सुरू झाली. क्लेअर बर्स्टॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मुलांची प्रगती वर्षानुवर्षे नोंदवली, आणि १९७४च्या त्यांच्या अहवालाने योजनेचा पायाच हलवला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुले सोळाव्या वर्षी, अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांच्या तुलनेत, ऐकून समजण्यापलीकडे फारशी पुढे नव्हती. पुढे बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या संशोधक गटानेही असेच दाखवले, की आठवड्यात मोजके तास मिळत असतील तर मोठी मुले लहानांपेक्षा लवकर शिकतात. लहान वयाचा फायदा मिळतो तो भाषा चोवीस तास कानावर पडत असेल तेव्हा. थोडक्यात, नोकरी, व्यापार, प्रवास ही कारणे प्राथमिक शाळेतल्या अर्ध्या तासाला पेलत नाहीत. ज्या शाळा तीच कारणे पुढे करतात त्यांचा तास दोन-तीन वर्षांत मलूल होतो. जे फळ दाखवून मुलांना बसवले ते फळ येत नाही, हे मुलांना फार लवकर कळते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. या तासाला शिकवले काय जाते? अभिवादन, अंक, रंग, घरातले पाळीव प्राणी, आवडते खाणे, आणि मग उपाहारगृहात जाऊन पदार्थ मागवणे. यात वाईट काही नाही; सुरुवात अशीच करावी लागते. पण असे चार वर्षांचे पाठ सलग ठेवून पाहिले तर त्यातून एक विशिष्ट माणूस घडताना दिसतो. त्याला स्वतःची आवड सांगता येते, हवे ते मागता येते, पैसे देता येतात. समोरची फ्रेंच बाई त्याच्यासाठी कॉफी आणून देणारी आहे, याहून जास्त तिच्याविषयी त्याला काही ठाऊक नसते आणि विचारायला शिकवलेलेही नसते. डेव्हिड स्मिथ आणि बार्बरा कार्व्हिल यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात हेच दुखणे दाखवले. स्मिथ यांनी इंग्लंडच्या शाळांत फ्रेंच, जर्मन आणि रशियन शिकवले होते. नंतर ते अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅल्व्हिन महाविद्यालयात गेले, जिथे कार्व्हिल जर्मन शिकवत. पाठ्यपुस्तकांतली माणसे खरेदी करतात, सुट्टीवर जातात, छंद सांगतात, पण त्यांच्यापैकी कोणी सहसा आजारी पडत नाही, कोणाचे कोणी मरत नाही, कोणी प्रार्थना करत नाही, कोणाला दारिद्र्य नाही, अशी त्यांची तक्रार होती. व्यापारी, पर्यटक, आपला विचार दुसऱ्याच्या गळी उतरवू पाहणारा, अशा निरनिराळ्या हेतूंनी लोक परकी भाषा शिकत आले. त्या हेतूंच्या जागी त्यांनी आतिथ्य ठेवले. परक्याला आपल्या मनात जागा देणे, आणि त्याच्या देशी गेल्यावर आपण चांगला पाहुणा होणे. त्यांचे लेखन मुख्यतः मोठ्या विद्यार्थ्यांविषयी आहे. माझ्या मते ते प्राथमिक शाळेला अधिक लागू पडते, कारण तिथे उपयुक्ततेचा दावा सर्वांत लंगडा आहे.

हे आतिथ्य ख्रिस्ती परंपरेच्या मुळाशी आहे. तुमच्यात राहायला आलेल्या परक्याला छळू नका, त्याला आपल्यातलाच समजून त्याच्यावर प्रेम करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्यातले कारण महत्त्वाचे आहे. परक्याची कीव करा असे तिथे म्हटलेले नाही. परकेपण तुम्ही स्वतः भोगले आहे, ते आठवा, असे म्हटले आहे. येशूने शेजारी कोण हे सांगताना जी गोष्ट सांगितली तिचा नायकही परकाच आहे. यहुद्यांनी ज्याला जवळ करू नये असा शोमरोनी माणूस तिथे शेजारधर्म पाळतो. आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या नाना देशांच्या लोकांना एकच भाषा बोलता येऊ लागली असे प्रेषितांच्या पुस्तकात लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. म्हणजे अनेक भाषा असणे हा दोष आहे आणि तो पुसून टाकायचा आहे, असे ही परंपरा मानत नाही. आठ वर्षांच्या इंग्रज मुलाच्या दृष्टीने पाहिले तर फ्रेंचचा तास ही आठवड्यातली अशी वेळ आहे जेव्हा तो स्वतः परका असतो. जीभ वळत नाही, साधे वाक्य सुचत नाही, लहान भावासारखे बोलावे लागते. हा अनुभव चटकन झाकून टाकण्याऐवजी शिक्षिकेने त्याच्याशी थांबावे. आपल्या वर्गात गेल्या महिन्यात आलेल्या मुलीला इथे रोज असेच होत असेल का, हा प्रश्न त्या क्षणी मुलाला खरोखर समजतो.

ही कल्पना नवीन आहे असेही नाही. मुलांसाठी चित्रे घालून भाषेचे पुस्तक करणारा यान आमोस कोमेन्स्की, युरोपात कोमेनियस म्हणून ओळखला जाणारा, मोराव्हियातल्या ‘बंधुसमाज’ या छोट्या ख्रिस्ती पंथाचा बिशप होता. १५९२ साली जन्मलेल्या या माणसाला धर्मयुद्धामुळे देश सोडावा लागला. पोलंड, इंग्लंड, हंगेरी असे फिरत शेवटी १६७० साली तो ॲम्स्टरडॅममध्ये वारला. पोलंडमधल्या लेश्नो गावाच्या जाळपोळीत त्याची हस्तलिखितेही गेली. आयुष्याचा मोठा भाग परकीय म्हणून जगलेल्या या माणसाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये आपले सचित्र पुस्तक छापले: दीडशे पाठ, प्रत्येकावर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना क्रमांक, आणि खाली लॅटिन व जर्मन मजकूर शेजारी शेजारी. दुसऱ्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. त्यात पक्षी, प्राणी, शिंपी, सुतार आहेत. आणि धैर्य, संयम, न्याय आहेत, माणसाचा देह आणि आत्मा आहे, यहुदी धर्म आणि इस्लामही आहेत. आज त्यातले काही पाठ संकुचित वाटतात, आणि ते मान्य केले पाहिजे. पण भाषा शिकवताना मुलाला अख्खे जग दाखवावे आणि त्यात माणसाने कसे जगावे हेही दाखवावे, ही त्याची दृष्टी आजच्या उपाहारगृहाच्या पाठापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आता हे वर्गात उतरते कसे ते पाहू, कारण मूल्यांच्या गप्पा सोप्या असतात. इंग्लंडच्या असंख्य प्राथमिक शाळांत जानेवारीत फ्रेंचच्या तासाला ‘गालेत दे र्वा’ हा केक येतो. हा ६ जानेवारीचा, तीन राजांच्या सणाचा केक. गोव्यात चांदोरला आणि रेइस मागोसला ज्याचे फेस्त भरते तोच हा सण. केकमध्ये एक छोटी वस्तू लपवलेली असते, ती ज्याच्या तुकड्यात सापडेल तो त्या दिवसाचा राजा, त्याला कागदी मुकुट. मुलांना हे अर्थातच आवडते, आणि धडा सहसा इथेच संपतो. पण जुन्या फ्रेंच रिवाजात आणखी दोन गोष्टी आहेत. केक कापताना घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसते, आणि प्रत्येक तुकड्याला ‘हा कोणासाठी?’ असे विचारले की ते नाव सांगते. हेतू हा की वाटप करणाऱ्याने कोणाला झुकते माप देऊ नये. आणि घरात जितकी माणसे त्याहून एक तुकडा जास्त कापला जातो. तो गरिबाचा वाटा. दारावर कोणी आलाच तर त्याच्यासाठी तो राखून ठेवायचा. मुकुट ठेवून हे दोन भाग गाळले तर उरते ती गंमत आणि बक्षीस. ते परत आणले तर धड्याचे व्याकरणही सुधारते: मुले ‘पूर की?’, म्हणजे ‘कोणासाठी?’, हा प्रश्न आणि त्याची उत्तरे वीस वेळा खऱ्या कारणासाठी बोलतात. शेवटच्या तुकड्यापाशी तोच प्रश्न आला की वर्गाला थांबून विचार करावा लागतो. आमच्या गावात आज दारावर कोण येईल? त्याचे नाव आपल्याला माहीत आहे का?

जर्मन शिकवणाऱ्या शाळांत ११ नोव्हेंबरला कागदी कंदील होतात. हा संत मार्टिनचा दिवस. मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक, आजच्या हंगेरीत जन्मलेला, पुढे फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप झाला. आमियाँच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, आणि रात्री स्वप्नात त्याला तोच अर्धा झगा ख्रिस्ताच्या अंगावर दिसला, अशी कथा आहे. जर्मनीत मुले संध्याकाळी कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात, कित्येक ठिकाणी पुढे लाल झगा घातलेला घोडेस्वार असतो. ही गोष्ट जर्मनच्या पहिल्या वर्षाच्या शब्दसंग्रहात मावते: थंडी, झगा, अर्धा, माणूस, घे. शब्द थोडे आहेत म्हणून अर्थ थोडा असावा लागत नाही. आणि हंगेरीत जन्मलेला सैनिक, फ्रान्समध्ये घडलेला प्रसंग, जर्मनीत निघणारी मिरवणूक हे ऐकले की देशांच्या सीमांविषयीही मुलांच्या डोक्यात एक चांगला गोंधळ उडतो.

तिसरे उदाहरण अभ्यासक्रमातल्या भाषेचे नाही, आणि म्हणूनच मला ते अधिक मोलाचे वाटते. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत पाचातल्या एकाहून अधिक मुलांची घरची भाषा इंग्रजी नसते. पोलिश, उर्दू, पंजाबी, बंगाली, रोमानियन, अरबी अशा भाषा घेऊन मुले वर्गात बसतात आणि बहुतेक वेळ त्या भाषांविषयी गप्प असतात. शाळा त्यांना परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकवते, आणि त्यांना येत असलेली परकी भाषा कोणी विचारत नाही. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला टेबलावर एक जागा रिकामी मांडतात, अनपेक्षित पाहुण्यासाठी. फ्रेंच केकच्या जादा तुकड्याचा धडा झाला की पोलिश मूल हे सांगू शकते, त्याचे शब्द वर्गाला शिकवू शकते. त्या दहा मिनिटांत इंग्रज मुले शिकणारी आणि ते मूल शिकवणारे असते. यजमान आणि पाहुणा यांच्या जागा बदलतात, आणि दयेने वाकून पाहणे आणि खरे आतिथ्य यांतला फरक नेमका इथे दिसतो. लाहोरहून किंवा सिल्हेटहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाकडेही पाहुण्याच्या आदराची स्वतःची रीत असतेच.

सण वर्षातून चारदा येतात. बाकीच्या तासांचे काय? तिथे हे मूल्य शिकवण्याच्या बारीक सवयींत दिसले पाहिजे. ‘सा वा?’ म्हणजे ‘कसा आहेस?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो, आणि मुले ‘छान’ असे उत्तर घोकतात. उत्तर ऐकण्याआधीच पुढचा प्रश्न सुटतो. शिक्षिकेने ‘बरे नाही’ हे उत्तर आणि ते ऐकल्यावर काय म्हणायचे ही दोन वाक्येही शिकवली, आणि उत्तराकडे लक्ष दिल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम केला, तर एका साध्या संवादात सत्य बोलणे आणि ऐकून घेणे दोन्ही येतात. उच्चार चुकला म्हणून वर्ग हसला तर ती शिस्तीची बाब मानून सोडून देऊ नये. इथे भाषेच्या विषयाचाच भंग झालेला असतो. जोड्या लावताना मुलाने स्वतःबद्दल पाच वाक्ये सांगण्याऐवजी जोडीदाराबद्दल विचारून पाच वाक्ये सांगावीत. व्याकरण तेच, फक्त प्रथम पुरुषाच्या जागी तृतीय पुरुष. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या स्टेपलफर्डमध्ये १९९०च्या दशकात ख्रिस्ती शिक्षकांच्या एका प्रकल्पाने फ्रेंच आणि जर्मनसाठी याच धाटणीचे साहित्य तयार केले होते. ते माध्यमिक वर्गांसाठी होते, पण त्याचे तत्त्व खालच्या वर्गांना चालते. फ्रेंचमध्ये बायबलची वचने पाठ करून घेणे म्हणजे ख्रिस्ती भाषाशिक्षण, हा गैरसमज मात्र टाळला पाहिजे. वचन पाठ आणि शेजारी बसलेल्या मुलाचे उत्तर ऐकायला वेळ नाही, असा तास या मूल्यांच्या विरोधात जातो.

सर्वांत गंभीर आक्षेप हा की सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या शाळेत एका धर्माची मूल्ये का. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत, त्यांत बहुसंख्य प्राथमिक, आणि त्यांचा खर्च मुख्यतः सरकार करते. काही शहरांत अशा शाळांतली बहुसंख्य मुले मुसलमान घरांतली आहेत. शिवाय एक कायदेशीर बाजू आहे जी क्वचित बोलली जाते. धर्मशिक्षणाच्या तासातून आणि सामूहिक उपासनेतून मुलाला बाहेर ठेवण्याचा हक्क इंग्लंडमधल्या पालकांना आहे. सक्तीच्या भाषेच्या तासातून नाही. म्हणून भाषेच्या तासात मुलाकडून श्रद्धेची कबुली घेणे सरळ अन्याय ठरेल, आणि तशी कबुली घेणारा कोणताही पाठ मी फेटाळीन. पण शिक्षिकेने काय निवडावे, मुलांना कोणता प्रश्न विचारायला लावावे, कोणाला बोलू द्यावे, हे ठरवताना ती कुठल्या तरी मूल्यावरच उभी असते. ग्राहकाचा दृष्टिकोन हाही दृष्टिकोनच आहे. त्याला धर्माचे नाव नाही म्हणून तो तटस्थ होत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने २०१६ साली आपले शैक्षणिक धोरण मांडताना शहाणपण, आशा, एकत्र नांदणे आणि माणसाची प्रतिष्ठा या चार गोष्टी पुढे ठेवल्या आणि शाळा सर्वांसाठी आहे असे म्हटले. आतिथ्य हा त्या भूमिकेचा स्वाभाविक भाग आहे. ते केवळ ख्रिस्ती लोकांचे नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. अतिथीला देव मानणारी परंपरा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे समजवावे लागत नाही. ख्रिस्ती शिक्षिका आपल्या विहिरीतून पाणी काढते. इतरांनी आपापल्या विहिरीतून काढावे, त्यात तिचे काहीच जात नाही.

याहून बोचरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर गोव्यात शोधावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहून इथल्या भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत सिद्ध केले. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. परक्याने परक्याची भाषा किती आदराने आत्मसात करावी याचे यापेक्षा मोठे उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्याच गोव्यात, त्याच धर्माच्या राजवटीत, १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता हेही लपवण्याचे कारण नाही. स्मिथ आणि कार्व्हिल ज्यापासून सावध राहायला सांगतात तो गळी उतरवण्याचा हेतू त्याच्यातही होता. तरीही तो आणि तो हुकूम यांत फरक आहे. स्टीफन्सने स्वतःची जीभ वळवली. १६८४चा हुकूम दुसऱ्यांच्या जिभा वळवायला निघाला. ख्रिस्ती मूल्यांच्या नावाने भाषा शिकवणाऱ्याने हा इतिहास मुलांपासून आणि स्वतःपासून दूर ठेवू नये, कारण मूल्याची परीक्षा तिथेच होते. वळायचे ते शिकणाऱ्याने, ही कसोटी लावली की तासातले पुष्कळ काही आपोआप तपासले जाते.

वेळेचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. अर्ध्या तासात उच्चार आणि शब्द बसवायचे की मूल्यांची चर्चा करायची? चर्चा इंग्रजीत झाली तर भाषा बुडते, हे खरे आहे, आणि या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून वर दिलेल्या उदाहरणांत मूल्य चर्चेतून येत नाही, कृतीतून आणि छोट्या वाक्यांतून येते. ‘हा कोणासाठी?’ हे बोलायला इंग्रजी लागत नाही. जे मूल्य मुलाला येणाऱ्या वीस-तीस शब्दांत उतरवता येत नाही ते त्या वर्षी शिकवू नये. पुस्तकांचा खर्चही वाढत नाही. लागतो तो शिक्षिकेचा तयारीचा वेळ, आणि तो तिला दिला जात नाही. सहावीच्या वर्षी मे महिन्यातल्या राष्ट्रीय परीक्षा जवळ आल्या की इंग्रजी आणि गणितासाठी पहिला बळी भाषेच्या तासाचा जातो. मग अकराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत जाते आणि तिथे अनेकदा फ्रेंच पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होते. उपयुक्ततेच्या हिशेबाने पाहिले तर तो तास कापणे मुख्याध्यापकाला तर्कशुद्ध वाटणारच. ज्या शाळेने त्या तासाचे कारणच वेगळे ठरवले आहे, तिला वसंतातल्या त्या वेळापत्रकात तो टिकवून दाखवावा लागेल, आणि त्यासाठी आधी वर्गशिक्षिकेला आठवड्यातून एक मोकळी तासिका द्यावी लागेल.